मी सोडलेला चहा

आता तुम्ही आपलेच लोक, तुमच्यापासून काय लपवायचं? तसंही लपवायला काही राह्यलंच न्हाई. अख्ख्या हसनाबादनं पाहिलंय!

माझं बी-बियाण्याचं दुकान. समोर चहाचं हाटेल, आन् तिथं आमची रोजची पार्लमेंट. त्या दिवशी विषय निघाला सरकारी आरोग्य कार्डाचा. आधी ते गरिबांनाच होतं, आता म्हणे सगळ्यांना. मी तापलो ना!

"ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याला दवाखाना फुकट कशाला? गरजूंना द्या! सगळेच रांगेत घुसले तर गरिबाचा नंबर कधी लागायचा?"

बापूराव माझा जुना दोस्त, कपाशी करतो. बशीत चहा ओतत म्हणला, "शेठ, आजार काय सातबारा पाहून येतो का?"

सगळे खो-खो हसले. मला झोंबलं हो! उठून उभा राह्यलो आन् तोंडातून निघून गेलं, "ज्या दिवशी मी ते कार्ड वापरीन, त्या दिवसापासून ह्या हाटेलातला चहा मला हराम!"

आता मी एक वेळ जेवणाशिवाय राहीन, पण त्या चहाशिवाय? बिलकुल न्हाई. घरी तर बायको बिनसाखरेचा काढा देती, चहाच्या नावाखाली.

त्याच हप्त्यात बायको, म्हणजे सुमन, मोबाईल घेऊन समोर आली. "अहो, इकडं पाहा. आता डोळे मिचकवा."

लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी म्हणली नव्हती! मी लाजत लाजत मिचकवले. वरून अजून एकदा मिचकवले, माझ्याकडून. मोबाईल टिंग वाजला. "झालं," म्हणली आन् गेली स्वयंपाकाला. मी आपला दिवसभर गालातल्या गालात हसून राह्यलो.

मंग पोटात कळा सुरू झाल्या. जालन्याचे डॉक्टर म्हणले, पित्ताशयात खडे हायेत, जल्दी ऑपरेशन करा. हाटेलात मी थाप ठोकली, "अंबडला भाचीच्या साखरपुड्याला चाललो. दोन-चार दिवस लागतील."

दवाखान्यात सुमननं पर्समधून कार्ड काढलं. त्यावर माझं नाव!

"हे कधी काढलं?"

"तुम्ही डोळे मिचकवले न्हाई का? तवाच मोबाईलनं तुमचा चेहरा घेतला, कार्डासाठी."

मी पोट धरून वाकलो होतो, तरी ओरडलो, "अगं, माझी शपथ! माझी इज्जत!"

"इज्जत ठेवा उशाखाली आन् पडा गुमान. पोरीच्या कॉलेजसाठी ठेवलेलं मी तुमच्या खड्यांवर उधळणार न्हाई."

पोरीचं तोंड आठवलं आन् डोळ्यात पाणीच आलं. गुमान पडलो.

ऑपरेशन बराबर झालं. सुट्टी मिळाली त्या दिवशी एक पुढारी गुच्छ घेऊन आले, मागं फोटोवाला. "काका, जरा हसा!" आपली सवय वाईट, कॅमेरा दिसला की दात बाहेर. नाव विचारलं, सांगितलं. गाव तर कोणी विचारलंच नव्हतं, ते बी सांगितलं!

अंबडला बहिणीकडं आराम केला आन् परत आलो. एसटीतून उतरलो तो थेट हाटेलात. बाहेर ओट्यावरच्या बाकड्यावर बसतो न बसतो, तोच बापूराव म्हणला, "काय शेठ, साखरपुडा कसा झाला?"

"झक्कास! गुलाबजाम असे, मुठीएवढे!"

"आन् नाचले का?"

"म्हणजे काय! डीजेवाला थकला, मी न्हाई थकलो!"

"टाके न्हाई का तुटले?"

सगळे माझ्या डोक्याच्या वर पाहून राह्यलेले. मी बी मान वळवली. हाटेलाच्या छपरावर हा भला मोठा फ्लेक्स! दवाखान्याच्या झग्यात मी, हातात गुच्छ, पुढाऱ्यापेक्षा माझेच दात मोठे. खाली ठळक अक्षरात: 'हसनाबाद येथील गरजू रुग्णास मोफत उपचार. हार्दिक अभिनंदन!'

गरजू! मी!

शपथ ती शपथ. पिशवी उचलली आन् उठलो. उकळत्या चहाचा वास नाकात होता हो.

पायरीपर्यंत गेलो तर मागून बापूरावचा आवाज, "अरे, शेठचा चहा बंद झाला, बराबर हाय. पण त्या फ्लेक्सवरच्या गरजू रुग्णाला एक फुल चहा दे. फुकट!"

आता तुम्हीच सांगा, इज्जतदार माणसानं काय करायला पाहिजे होतं? मागं न पाहता चालू पडायला पाहिजे होतं.

मी बाकड्यावर बसलो आन् म्हणलो, "साखर जरा जास्ती टाक."