नोहाचा शाप आणि माझं भाषांतर

मला दोन भाषा बऱ्यापैकी येतात आणि दोन्हींत मी वेगवेगळा तोंडघशी पडलेलो आहे. एकाच वेळी दोन्हींत पडण्याचा मान मात्र बहरीननं दिला, तोही हातात माईक असताना.

तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढतो. तिथला सेफ्टी ऑफिसर केनियाचा, मोंबासाकडचा. पन्नाशीचा, उंच, आवाज असा की ‘हेल्मेट घाल’ म्हणाला तरी प्रवचन वाटावं. हमद टाउनमध्ये तो माझ्याच वाटेवर एका दुवारापाशी राहतो. दुवार म्हणजे रस्त्यातलं गोल सर्कल. आमच्याकडे पत्ते दुवारावरूनच सांगतात. त्याच्याकडे गाडी नाही आणि मला एकट्याला गप्प बसवत नाही, म्हणून रोज सकाळी तो माझ्या शेजारी. मोबाइलवर बायबलचा एखादा अध्याय वाचून झाला की आमच्या गप्पा सुरू.

एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्यानं नोहाची गोष्ट सांगितली. प्रलयातून वाचलेला नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडाच पडला. हाम नावाच्या मुलानं त्याला तसं पाहिलं. शुद्धीवर आल्यावर म्हाताऱ्यानं शाप दिला, पण हामला नाही, हामच्या मुलाला: तू भावांच्या दासांचा दास होशील.

“पुस्तकात एवढंच आहे,” तो म्हणाला. “रंगाचा एक शब्द नाही. पण गुलामांचे व्यापारी, मळेवाले आणि त्यांचे पाद्री म्हणाले, हामची लेकरं म्हणजे आफ्रिकेतली काळी माणसं. देवानंच ठरवलंय, आम्ही फक्त जहाजं पुरवतो.”

“प्याला म्हातारा आणि शिक्षा नातवाला?”

“आणि नातवाच्या नावावर माझ्या अख्ख्या खंडाला.”

मी स्टीअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला, पुढच्या पिकअपवाल्यानं हात बाहेर काढून माझ्याबद्दलचं मत सांगितलं. मी म्हणालो, आमच्याकडेही सेम! कोण देवाच्या मुखातून, कोण पायातून, सगळं लिहून ठेवलेलं. आम्ही पायाच्याही खाली, हिशेबातच धरलेले नाही. तो हळूच म्हणाला, “म्हणजे तुला कळतं.”

असं कुणी म्हणालं की मी पाघळतोच. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमात बोलायचं आमंत्रण मी त्याला तिथंच देऊन टाकलं. भाषांतर? मी आहे ना!

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी, भाड्याच्या हॉलमध्ये. इथं सुटी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच; तो तिथून थेट आला, कोट घालून. नोहा, शाप, पाद्री, जहाजं सगळं मी असं मराठीत आणलं की माझा मलाच हेवा वाटला. पुढच्या रांगेत, मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या अकोल्याच्या एक मावशी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

मग तो घरच्या गोष्टीवर आला. त्याच्या खापरपणजोबांना लहानपणी पकडून गलबतात कोंबलं होतं. इंग्रजांच्या जहाजानं ते गलबत अडवलं, पोरांना मुंबईला उतरवलं आणि तिथून नाशिकला मिशनऱ्यांकडे पाठवलं. ‘नाशिक’ म्हटल्यावर हॉल हलला. “आपलं नाशिक?” कुणीतरी ओरडलं. आपलंच. तिथं ते लोहारकाम शिकले आणि वाचायला शिकले; पुढे मिशनऱ्यांनीच त्यांना मोंबासाला नेलं.

“पहिलं पुस्तक वाचलं ते बायबल,” तो म्हणाला. “दासांना सोडवून नेणारा देव त्यांना त्याच पुस्तकात सापडला. ते पुस्तक त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.”

इथं माझी गाडी बंद पडली. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते. सुटायचं म्हणजे सोडायचं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. समोरच्या सगळ्यांच्या घरातही हीच गोष्ट. तेवढ्यात जिभेनं मला न विचारता वाक्य पुरं केलं: “...आणि सत्य कळताच त्यांनी ते पुस्तक कायमचं दूर सारलं!”

टाळ्या. घोषणा. त्याला वाटलं, टाळ्या खापरपणजोबांच्या वाचनाला आहेत. त्याला भरून आलं. कोटाच्या खिशातून त्यानं छोटं बायबल काढलं आणि सगळ्यांसमोर त्याचा मुका घेतला.

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

“अवं, सोडलं म्हनता अन् मुका घेऊन रायला ना तो!” मावशी म्हणाल्या.

“निरोपाचा आहे, मावशी,” मी म्हणालो.

हॉल हसला. तोही हसला, सगळे हसतायत म्हणून. इंग्रजी नीट कळणारी मंडळी तेव्हा मागे जेवणाची भांडी लावत होती. त्यांत माझी बायकोही होती आणि तिचे कान मात्र पुढे होते.

परतताना ती माझ्या शेजारी, तो मागे.

“अहो, त्यांना सांगितलंत का, त्यांच्या खापरपणजोबांचं काय केलंत ते?”

“गप बस ना.”

“काय म्हणतात त्या?” त्यानं मागून विचारलं.

“भाषण आवडलं म्हणते.”

बायको नर्स आहे. सुई टोचताना तिचा हात कधी थरथरत नाही. मागे वळून तिनं त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं, निरोपाच्या मुक्यासकट.

“इथंच थांबव,” तो म्हणाला. त्याचं दुवार अजून बरंच पुढे होतं. तो उतरला आणि त्या उन्हात कोट घालून चालत गेला.

त्यानंतर तो बसनं यायला लागला. वर्कशॉपमध्ये माझ्याशी एकच शब्द बोलायचा: हेल्मेट. मी रोज त्याच्या दुवारापाशी गाडी हळू करायचो, तो बसच्या दिशेला बघत राहायचा. शेवटी एकदा मी गाडी लावून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

“नोहाच्या गोष्टीचं त्यांनी जे केलं,” तो म्हणाला, “तेच तू माझ्या गोष्टीचं केलंस. तुला जे हवं होतं ते तिच्या तोंडी घातलंस.”

“अरे, कुठे ते गुलामांचे व्यापारी आणि कुठे मी!”

“तुझं दुकान लहान आहे, एवढंच. ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर दुरुस्त कर. मग बसेन गाडीत.” बस आली, तो गेला.

मी घोळातच पडलो. चुकलो हे कबूल. पण ज्या पुस्तकावर बोट ठेवून आपल्या माणसांना विकलं ते हा खिशात घेऊन फिरतो कसा? बरं, त्याचे खापरपणजोबा ते धरून सुटले आणि माझे आजोबा आपलं सोडून सुटले, आणि दोघंही खरोखरच सुटले. मी ड्रॉइंगवाला माणूस, हे कागदावर कसं दाखवायचं ते काही मला सुचेना. बायकोला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही दाखवू नका. आधी जे बिघडवलंय ते नीट करा.”

बुद्धपौर्णिमेला त्याच मंडळींतल्या एकांच्या फ्लॅटवर वंदना होती. मी त्याला निरोप पाठवला होता. तो आला, बूट काढून दाराजवळ सतरंजीवर बसला. भाषांतराला त्याच्या शेजारी बायको; माझ्यावर बंदी होती. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि खरं वाक्य काय होतं ते सांगितलं.

“म्हणजे आम्ही टाळ्या फुकट वाजवल्या?” एक जण म्हणाला.

“पण तुमचंच जास्त बरोबर वाटत होतं!” दुसरा म्हणाला. बायकोनं हेही त्याला सांगितलं.

मावशी सरळ त्याच्याकडे वळल्या. “बापू, त्याच पोथीच्या नावानं तुमच्या मानसायले साखळ्या घातल्या. मंग वाचताना घशात अटकत नाई का?”

बायकोनं शब्दाला शब्द लावून विचारलं.

“अडकतं,” तो म्हणाला. “त्या पानावर तर रोज. पण पान फाडून टाकलं तर त्यात रंग लिहिलेला नव्हता, हे मुलांना कुठं दाखवू?”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायको खीर वाढायला उठली. मावशी आपल्याशीच काहीतरी बोलल्या आणि वाट्या पुढे आल्या.

पुढच्या कामाच्या दिवशी तो दुवारापाशी उभा होता. मी गाडी थांबवली. तो बसला, पण मोबाइल काढला नाही.

“त्या बाई शेवटी काय म्हणाल्या? तेव्हा वहिनी शेजारी नव्हत्या.”

जिभेवर एक सुंदर वाक्य तयारच होतं, सगळ्या वाटा एकाच गावाला जातात छापाचं. मी ते गिळलं.

“म्हणाल्या, आम्ही सोडलं, आम्हाला बरं वाटलं. यानं नाही सोडलं, यालाही बरं वाटलं. मला काही समजत नाहीये बापा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि तुझं काय म्हणणं?”

“त्यांचं शेवटचं वाक्य.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, पट्टा लावला. “यल्ला,” म्हणाला, “उशीर होतोय.”