खिडकीवरची ओली साडी

सकाळी आम्ही दोघांनी साडी पिळली. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या.

"अहो, जोर लावा की. म्हातारे झालात."

"तूच सोडशील आधी," मी म्हणालो. ती हसली. मग साडी नातीच्या खिडकीवर टांगली.

राऊ गावाच्या पुढे आमचं घर, मागे गिट्टीचा क्रशर. दगड फुटतो, धूळ उडते. नात सहा वर्षांची. झोपली की छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर साफ बोलला होता, दगडाची बारीक धूळ लहान पोरांच्या फेफड्यांत बसली की निघत नाही, पोरीला इथून हलवा. आम्ही हलवलं नाही. बायको साडी भिजवत राहिली. वाळली की परत भिजवायची.

दुपारी ती बसल्या जागी गेली. हातातला चहा पण सांडला नाही. संध्याकाळी तिला स्मशानात पोहोचवून आलो.

आमच्यात माणूस गेलं त्या जागी पीठ पसरतात, त्यावर दिवा, वर टोपली. सकाळी पिठात पावलं बघतात. जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे.

सकाळी माझ्या बहिणीने टोपली उचलली. पीठ कोरं होतं. पण भोवतीच्या काळ्या फरशीवर राखाडी थर, आणि थरात पावलं. लहान, अनवाणी. आतल्या खोलीतून दिव्यापर्यंत आलेली.

"आली हो वहिनी," बहिणीने हात जोडले. "लेकरू होऊन आली."

भिंतीपलीकडे शिट्टी वाजत होती.

मी आत गेलो, नातीला उचलून आणलं, तिचा पाय ठशावर ठेवला. बरोब्बर बसला.

"मी आले होते," ती म्हणाली. "आजीला सांगायला. साडी वाळली म्हणून."

"मग?"

"आजी बोललीच नाही."

दारं बंद, खिडक्या बंद. तरी एका रात्रीत पाऊल उमटेल एवढी धूळ. तेवढीच पोरीच्या आत गेली असणार.

सुनेला म्हटलं, "कपडे बांध. पोरीला तुझ्या माहेरी नेऊ, शहरात, बड़ा गणपतीपाशी." मुलगा ऑटो आणायला धावला.

बहीण आडवी आली. "दादा, सुतकात कोणाच्या दारात जातोस? दहा दिवस दिवा सोडून जात नसतात."

"दिव्याला खोकला येत नाही, बाई. तू बस त्याच्याजवळ."

मग साडी बादलीत बुडवली. एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि एकट्याने पिळली. ऑटोत ती पोरीच्या नाकावर धरून बसलो. राऊ मागे पडेपर्यंत काढू दिली नाही.