भाचीची नामांकनं

जगात शांतता नांदावी म्हणून माझ्या भाचीइतकं भांडलेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या नेरूळच्या सेक्टरात तिच्या तावडीतून सुटलेला एकच माणूस होता, तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. तेही अशासाठी, की त्याने कोळशाची इस्त्री सोडून विजेची घ्यावी की नाही, याबद्दल तिचं स्वतःचंच मत अजून पक्कं झालेलं नव्हतं.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. करंजाडेच्या घरी नव्या एसीवरून वडिलांशी वाजलं म्हणून आठ दिवसांसाठी आमच्याकडे आली आणि तीन वर्षं राहिली. कॉलेज नेरूळलाच होतं, विषय पर्यावरणशास्त्र, त्यामुळे कुणाला काही विचारायचं कारणही उरलं नाही. एसी आमच्याकडेही होता. पण आम्ही तिचे आईवडील नसल्यामुळे आमच्याशी ती वाटाघाटींना तयार होती. त्या अडीच दिवस चालल्या आणि शेवटी असं ठरलं, की एसी फक्त पाहुणे आल्यावर लावायचा, आणि तोही पाहुण्यांनी तोंडाने मागितला तरच. त्या मे महिन्यात आमच्या घरी जितके पाहुणे बोलावले गेले तितके आमच्या लग्नानंतरच्या वर्षातही आले नसतील. माझे यजमान तर दुपारी चहाच्या वेळी मुद्दाम विषय काढून पाहुण्यांना विचारायचे, "उकडतंय ना तुम्हाला?" त्यावर भाची त्यांच्याकडे नुसतं बघायची, आणि पाहुणे बिचारे घाम पुसत नाही म्हणायचे.

मोर्चाला जाताना तिच्या हातातले फलक आमच्या घरातल्या खोक्यांचे असत. मिक्सरचं खोकं, आंब्याची पेटी, माझ्या साड्यांचे पुठ्ठे, तिला काहीही चाले. अडचण मजकुराची होती. दोन शब्दांची घोषणा तिला अप्रामाणिक वाटायची. "दोन शब्दांत मावतं ते खरं नसतं, मावशी," म्हणायची, आणि फलकावर सगळा मुद्दा, त्यावरचा आक्षेप आणि आक्षेपाचं उत्तर बारीक अक्षरात लिहायची. एकदा बंदोबस्तावरच्या हवालदारांना तो वाचायला अगदी जवळ यावं लागलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एक शंका विचारली. ती तिने अर्धा तास समजावली. मोर्चा पुढे निघून गेला. हवालदार तिला त्यांच्या गावच्या आटलेल्या विहिरीबद्दल सांगत बसले, आणि ती संध्याकाळी घरी आली ती मोर्चा यशस्वी झाला म्हणतच.

जगातला तो सगळ्यात मोठा शांतता पुरस्कार जाहीर व्हायचा दिवस आमच्याकडे क्रिकेटच्या फायनलसारखा साजरा होई. फरक इतकाच, की निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी आमच्या घरची बाजू हरायची. तिचं म्हणणं असं, की हा पुरस्कार भांडण मिटवणाऱ्याला देतात, म्हणजे तो मिळवायला आधी कुठेतरी मोठं भांडण पाहिजे. ज्याने भांडण लागूच दिलं नाही त्याचं नाव समितीला कळणार कसं? दुसरं म्हणणं असं, की पुरस्कार कायमचा देऊच नये, उसना द्यावा. पाच वर्षांनी जाऊन बघावं, शांतता टिकली असेल तर ठेवू द्यावा, नाहीतर परत घ्यावा. यजमान म्हणाले, असं केलं तर त्यांच्याकडे परत आलेल्या पदकांचा ढीग लागेल. ती गंभीरपणे म्हणाली, "लागू दे ना काका. तो ढीगच लोकांना दाखवायचा."

यावर उपाय म्हणून ती समितीला दरवर्षी पत्र लिहून आपली नामांकनं कळवायची. पहिल्या वर्षी तिने आमच्या इमारतीच्या वॉचमनचं नाव पाठवलं, कारण टाकीचे व्हॉल्व्ह वेळेवर फिरवून त्याने ए विंग आणि बी विंग यांच्यात कधी युद्ध होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझं पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाली, तीस वर्षं काकांबरोबर. उत्तर अर्थातच कधी आलं नाही. समितीला मराठी येत नसेल, असं यजमान म्हणाले. मग तो समितीचा प्रश्न आहे, असं ती म्हणाली.

हवामानाच्या राजकारणाबद्दल तिचा राग वेगळा होता. मोठमोठ्या परिषदांत पुढारी जी वचनं देतात ती किती वर्षांनी पाळायची ते ती आधी बघायची, मग त्या पुढाऱ्याचं वय बघायची, आणि बेरीज करायची. एकदा मला म्हणाली, "मावशी, ज्या सालाचं वचन देतात त्या साली ते नसणारच. मी असणार. मग सही माझी नको का?" कॉलेजात एकदा अशाच परिषदेचा नकली प्रयोग झाला. सरांनी तिला एका श्रीमंत देशाचा प्रतिनिधी केलं. दोन तास चालायची परिषद तिने पाच मिनिटांत संपवली, कारण गरीब देशांनी जे जे मागितलं त्या सगळ्यावर तिने पहिल्या फेरीतच सही करून टाकली. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी चहाला गेली. सरांनी मार्क कापले. शेरा होता, 'वास्तवाला धरून नाही.' तो कागद तिने कितीतरी दिवस आमच्या फ्रिजवर लावून ठेवला होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, तिच्या तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत. आमच्या सोसायटीच्या मागे खाडीकाठचं जुनं गाव आहे. गावाच्या बांधाला एक उघाडी आहे, म्हणजे पाण्याचं दार. भरतीला ते मिटतं आणि खाडीचं पाणी आत येऊ देत नाही; ओहोटीला उघडतं आणि पावसाचं साचलेलं पाणी बाहेर सोडतं. त्या पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या भरतीला पाणी आत शिरायला लागलं. गावात घरांच्या उंबऱ्यापर्यंत आणि आमच्याकडे तळघरातल्या पार्किंगमध्ये. आमचे लोक म्हणायचे, गाववाले उघाडीकडे लक्ष देत नाहीत. गाववाले म्हणायचे, तुमचे टॉवर आले तेव्हापासूनच पाण्याला जायला जागा राहिली नाही. एका रविवारी नाक्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, एकाचं डोकं फुटलं.

सोसायटीची तातडीची सभा भरली. आमचे सेक्रेटरी आयुष्यभर कारखान्यात पंप सांभाळून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी ठराव मांडला, की उघाडी सिमेंटने कायमची बंद करावी अशी मागणी करायची. भाची उठली. सभासद नव्हती तरी उठली. दार बंद केलं तर पावसाचं पाणी जाणार कुठे, गाव बुडेल, हे तिने सांगितलं; तिथवर ठीक होतं. मग तिने सेक्रेटरींना सगळ्यांसमोर विचारलं, की तुम्हाला गाडी वाचवायची आहे की माणसं. ते पांढरे पडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमची भाची शांततेचं काम करते ना? मग इथेही थोडी असू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्याच वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या होत्या, आणि तळघरातली त्यांची जुनी गाडी पत्नीचीच होती, हे तिला माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी तिला ते सांगितलं. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं भांडणं बंद झालं. सकाळी उठायची आणि गावात जायची. तिथे उघाडी राखणारे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या आज्यापासून हे काम त्यांच्या घरात. एके काळी शेतकऱ्यांना गोडं पाणी हवं असे, मिठागरवाल्यांना खारं, कोळ्यांना मासळी. तिघांची भांडणं होऊ नयेत म्हणून दार कधी उघडायचं ते हेच घर ठरवायचं. ती त्यांच्याजवळ बसून भरतीच्या वेळा वहीत लिहायला लागली. पहिल्याच दिवशी तिने त्यांना समुद्राची पातळी कशी वाढते आहे ते समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मना ठावं हाय. दर्या कोनाचा आयकत नाय, बाय. आपुनच त्याचा आयकाचा." हे वाक्य तिने त्या संध्याकाळी मला चार वेळा ऐकवलं.

आठवड्याभरात त्यांनी तिला खरं दुखणं दाखवलं. दाराच्या खाचेत प्लास्टिक, थर्माकोल आणि कुणीतरी टाकलेली एक गादी अडकली होती. दार मिटतच नव्हतं. आजोबांना आता खाली उतरवत नव्हतं, आणि ते सांगत होते तर ऐकायला कुणी नव्हतं. गादी आमच्या बाजूच्या नाल्यातून आलेली, प्लास्टिक दोन्हीकडचं. भाचीने वही घेतली आणि सेक्रेटरींच्या दारात गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. माफी मागितली एवढं कळलं. तासाभराने दोघं खाली उतरले तेव्हा सेक्रेटरींच्या हातात त्यांची जुनी हत्यारांची पेटी होती.

त्या ओहोटीला गावची पोरं, कॉलेजची पोरं आणि आमच्या सोसायटीतली मोजून पाच माणसं चिखलात उतरली. गादी बाहेर काढायलाच दुपार गेली. सेक्रेटरींनी गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि आजोबा बांधावरून त्यांना शिव्या देत राहिले. पुढच्या मोठ्या भरतीला तळघर कोरडं राहिलं. गावातही पाणी आलं नाही. सिमेंटचा ठराव कुणी मागे घेतला नाही, पण पुन्हा कुणी त्याचं नावही काढलं नाही.

आणि मग व्हायचं ते झालं. आमच्या सेक्टरातल्या सांस्कृतिक मंडळाने भाचीला 'शांतिदूत' पुरस्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ आणि काचेचं कबुतर. आता ही काय करते, या धास्तीने मी आणि यजमान पहिल्या रांगेत बसलो. ती माझी जुनी सुती साडी नेसून आली होती, शाल खांद्यावर घालू दिली, आणि माईकवर फार थोडं बोलली. "हा पुरस्कार मी उसना घेते. पुढच्या पावसाळ्यात पाणी आत आलं तर परत करीन. तो ज्यांचा आहे ते आजोबा इथे येऊ शकले नाहीत, कारण आत्ता भरती आहे आणि ते दारावर आहेत. मी तिकडेच चालले. कुणाला यायचं असेल तर चला."

ती खरंच निघाली. मंडळाचे अध्यक्ष पुढच्या सत्कारमूर्तींचं नाव पुकारू लागले. शंभरेक माणसांतली सातजणं उठली, त्यांत आम्ही दोघं धरून. त्या वर्षी समितीला गेलेल्या पत्रात आजोबांचं नाव होतं. पत्र पाच पानांचं होतं, आणि टपालात टाकण्याआधी तिने मला ते वाचून दाखवलं तेव्हा मला कुठेही हसू आलं नाही.

परीक्षा झाली आणि ती कोकणात गेली, किनाऱ्यावरच्या एका गावात, बांध आणि खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनी, यांचं काम करणाऱ्या लहानशा गटात. जाताना वडीलही आले होते सोडायला. दोघं वाटेत काय बोलले कुणास ठाऊक, पण गाडीच्या काचा उघड्या होत्या. आता यजमान दुपारी हवा तेव्हा एसी लावतात, आणि पाच मिनिटांनी उठून बंद करतात. बरं वाटत नाही म्हणतात.

या पावसाळ्यात एका रविवारी मोठी भरती होती आणि पाऊसही लागला होता. मी छत्री घेऊन बांधावर गेले. वाटलं होतं, आजोबा एकटेच असतील. तर गावातली आणि सोसायटीतली दहा-बारा माणसं होती, वाद घालत होती, आणि खालच्या पायरीवर आजोबा कुणाचंही न ऐकता दाराकडे बघत होते. ओहोटी लागली. दार उघडलं. आतलं पाणी आवाज करत खाडीकडे निघालं.

तिथूनच मी तिला फोन लावला. पाणी किती चढलं, दार किती वाजता उघडलं, असं काही विचारेल म्हणून मी घड्याळ बघून ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, "मावशी, आजोबा खाली उतरले होते का?"

म्हटलं, हो. ऐकत नाहीत कुणाचं.

"एकटे?"

"नाही गं. सेक्रेटरींनी हात धरून उतरवलं. अजून धरलाय."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. तिकडेही पडत असावा. मग ती म्हणाली, "बरं झालं," आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.