कौन्सिलरांचे पणतू

पणजोबांच्या जोरावर सिंगापुरात जगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो तोआ पायोहला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. नोकरी पाया लेबारच्या आयटी कंपनीत. मन मात्र जुन्या मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात. पणजोबा आधी तालुक्याच्या लोकल बोर्डात, मग कौन्सिलात, मग काही महिने मंत्री, मग पडून घरी, ही सगळी कारकीर्द त्यांनी मला लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाड्यांपुढच्या रांगेत आणि एकदा दंतवैद्याच्या दारात ऐकवली. लिफ्ट बंद पडली की म्हणत, "पणजोबा असते तर आज तहकुबीची सूचना आली असती!" वहिनींनी भाजी कुठली करू विचारलं की यांचा उपप्रश्न तयार. शेवटी मंजूर व्हायची ती खिचडी.

मी मसाल्याच्या धंद्यात घासाघीस करून वर आलेला माणूस. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं अध्यक्ष व्हायचंच, असं मी ठरवलं होतं. मला पाठीमागे 'मसालेवाला' म्हणणाऱ्या इंजिनिअरांना त्या खुर्चीतून उत्तर द्यायचं होतं. तर हे महाशय माझ्याविरुद्ध उभे! वर मत मागायला पहिल्यांदा माझ्याच दारात.

"लाज नाही वाटत?" मी भडकलो.

"अहो शेठ, पणजोबांचा रिवाज आहे. आधी प्रतिस्पर्ध्याच्या घरचा चहा घ्यायचा."

घेतला. वर साखर कमी म्हणाले.

मतदान हात वर करून झालं. माझं नाव पुकारल्यावर माझा हात वर गेला, आणि त्यांचाही.

"अहो, हात खाली करा!" वहिनी ओरडल्या.

"बाबा, राँग वन लाह!" त्यांची मुलगी सिंगापुरी इंग्रजीत.

"उमेदवारानं आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यावं," ते शांतपणे म्हणाले. "पणजोबांनी जन्मात स्वतःला मत दिलं नाही."

"म्हणूनच पडले ना शेवटी!" वहिनींनी टोला हाणला.

"पडले. पण एकाच मतानं!" त्यांची मान ताठ.

मीही एकाच मतानं निवडून आलो. आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नाही. अध्यक्षपद तेवढं या गृहस्थानं फुकटात माझ्या गळ्यात मारलं. तो राग अजून उतरलेला नाही.

गेल्या वर्षी ते पुण्याला परतले. आता आमची सभा चहा निवायच्या आत आटपते. उपप्रश्न नाही, तहकुबी नाही. यंदा पुन्हा निवडणूक आहे. स्वतःला मत द्यायचं नाही, असं मी ठरवून बसलोय. पण माझ्याविरुद्ध कुणीच उभं नाही, आणि समोरच्या फ्लॅटला कुलूप आहे. चहाला कुणाच्या दारात जायचं?