खड्ड्याच्या तळाशी
काळ्या मिठाचा वास नाकात शिरला की माझं डोकं अजून तापतं. नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये मआमीरजवळच्या एका कारखान्यात टेक्निशियन होतो. तिथल्या सांडपाण्याच्या खड्ड्यातून सकाळपासून येणारा सडक्या अंड्यांचा वास त्या दुपारी एकाएकी गेला. आमच्या पुण्याच्या इंजिनिअरसाहेबांनी काठावर उभं राहून गॅसचा मीटर छातीशी धरला आणि आम्हा तिघांना म्हणाले, "शून्य आहे. वासही गेलाय. यल्ला, चला, उतरा." मी म्हणालो, "साहेब, हा विषारी गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. आणि फार वाढला की नाकच बधिर होतं, वास कळत नाही. मीटर खाली सोडून बघा." ते सगळ्यांसमोर हसले. "आता तू मला केमिस्ट्री शिकवणार?" मी त्यांच्या हातातला मीटर हिसकावला, दोरीला बांधला आणि खाली सोडला. पुरुषभर खोल जायच्या आतच तो किंचाळायला लागला. साहेब एसी केबिनमध्ये निघून गेले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांशी उद्धट वागल्याबद्दल मला वॉर्निंग लेटर मिळालं. ते मी अजून जपून ठेवलंय. मीटर ओरडल्याचा त्यात एक शब्दही नाही.