नकाशातली विहीर आणि बाबांचा नारळ

दर वर्षी शिमग्याच्या आधीच्या रविवारी बाबा कापडी पिशवीत एक नारळ घालून घराबाहेर पडत आणि तासाभराने रिकामी पिशवी घेऊन परत येत. नारळ जागेवाल्याचा असे. कोकणातल्या आमच्या गावी प्रत्येक जागेला असा एक राखणदार मानतात आणि वर्षातून एकदा त्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. आजोबांनी गिरणी सुटल्यावर मुलुंड पश्चिमेला चाळीत खोली घेतली, तेव्हा तिथल्या जागेवाल्यालाही हा नारळ सुरू केला. मी तान्ही असतानाच चाळ पडली, आम्ही पूर्वेला राहायला आलो, तरी बाबांनी तो बंद केला नाही. बायकांना तिथे नेत नसत, त्यामुळे नेमकी जागा मी कधी पाहिली नव्हती.

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला शिमगा. मी एकुलती एक. बोरीवलीच्या आत्याला फोन केला.

"नारळ कोण ठेवतलो आता?" तिनेच आधी विचारलं.

"मी ठेवीन म्हणते."

"तू? बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता गो." मग तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "पन आता दुसरो कोण आसा तुमच्यात? ठेव तूच. तो काय तुका खाता?"

"पण कुठे ठेवायचा, आत्या?"

"आमच्या खोलेच्या मागल्या बाजूक बाव होती, थयच. माका येवढाच म्हायत."

बाव म्हणजे विहीर. ती आता कुठे शोधायची? मग मला आठवलं की एका पुस्तक प्रदर्शनात मी उपनगरांच्या जुन्या नकाशांची नवी छापील प्रत घेतली होती. तेव्हा निव्वळ हौस म्हणून. बाबांनी ती एकदा चष्म्याशिवाय पाहिली होती आणि "छान छापलाय" म्हणून बाजूला ठेवली होती. तेव्हा विचारलं असतं तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं असतं, हे आता सुचतं.

दोन आठवडे संध्याकाळी मी तो नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरत असे. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. नकाशा पसरला की दुसरी खुर्ची रिकामी आहे हे तितकंसं दिसत नाही. भाताची शेतं, मधून गेलेली रेल्वेची रेघ, तलाव, थोड्या घरांचे काळे चौकोन. तलावाचा काठ आणि रेल्वे एवढ्याच दोन गोष्टी आजही जागच्या जागी होत्या. त्यांच्या आधाराने मी ट्रेसिंग पेपरवर आजचे रस्ते काढले आणि तो कागद नकाशावर ठेवला. चाळीच्या गल्लीत एकच विहीर होती, टाचणीच्या डोक्याएवढं वर्तुळ. ते एका सात मजली सोसायटीच्या पार्किंगमध्ये येत होतं. बराच वेळ मी त्या वर्तुळावर बोट ठेवून बसले. बाबा कुठे उभे राहत ते मला सापडलं होतं.

रविवारी नारळ घेऊन गेले. फाटकावर वॉचमनने विचारलं, "किस के यहाँ जाना है?" तेवढ्यात भाजी घेऊन परतणाऱ्या एक गुजराती बाई थांबल्या. आधी त्यांनी पिशवी पाहिली, मग मला.

"तुम्ही नारळवाल्या काकांच्या कोण?"

"मुलगी."

"ते कुठे आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"मी किती वेळा बोलले त्यांना, काका, आत या ना, आत ठेवा. कधी आले नाहीत. बोलायचे, आता हे तुमचं घर आहे. तिकडे ठेवायचे बघा." त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला. तिथे फुटपाथवर विजेची पेटी होती आणि तिच्यामागे एक खुरटा शेवगा. "फोडून अर्धा मला द्यायचे. आमच्याकडे दर साल त्याची चटणी व्हायची. सासूबाई तर वाट बघायच्या."

"आता जायचं का आत?" त्यांनी विचारलं. वॉचमनही बाजूला झाला होता.

विहीर तिथेच आत होती, तीस-चाळीस पावलांवर, गाड्यांच्या खाली. मी इतकी मापं घेतली होती ती तिच्यासाठीच. पण सोसायटी झाल्यापासून तिथे बाबा कधी उभे राहिलेच नव्हते.

मी रस्ता ओलांडला. शेवग्याखाली नारळ ठेवला आणि गावी ऐकलेलं गाऱ्हाणं आठवेल तसं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." पुढे घरातल्या माणसांसाठी मागायचं असतं. बाबा इथे उभे राहून माझ्यासाठी मागत असणार. आता घरात मीच होते, आणि माझ्या तोंडून माझ्यासाठी काही निघेना. समोर सात मजल्यांच्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत होते. मी म्हटलं, "समोरच्या घरातल्या माणसांक सांभाळ." अशा वेळी जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मागून एक रिक्षा गेली.

नारळ फोडून अर्धा मी त्या बाईंना नेऊन दिला.