गार लॅपटॉप

येडगावच्या सुदर्शनची नजर एकदम गेली नाही. पंचविशीत संध्याकाळनंतरचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि तिशी गाठेपर्यंत खिडकीतला उजेड तेवढा कळायचा. नारायणगावात तो रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. डोळे मंदावले तसा बोटांनी काम करायला लागला. वायर कुठं तुटलीय ते त्याला नखानं समजायचं. पण गिऱ्हाइकांचा धीर सुटला आणि दुकान बंद झालं.

पुढं पुण्यातल्या एका संस्थेत तो कॉम्प्युटर शिकला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, हे तिथं कळलं. त्यानं जुना लॅपटॉप आणि एक स्कॅनर मिळवला नि बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. मराठी पुस्तकं बायको, हर्षाली, वाचून दाखवायची. इंग्रजी पान तो स्कॅनरवर ठेवायचा. लॅपटॉप अक्षरं ओळखून बोलायचा. एका पानाला चार मिनिटं लागायची. २००७ साली परीक्षा दीड महिन्यावर आली, तेव्हा इंग्रजीची अख्खी दोन पुस्तकं बाकी होती.

कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा गोकुळ त्याला म्हणाला, "भाऊ, प्रोसेसर बदला की. माझ्याकडं एका फुटलेल्या लॅपटॉपचा पडलाय. लई जोरात पळंल."

"मीच बदलतो," सुदर्शन म्हणाला.

त्यानं घरी ओसरीवर चादर अंथरली. काढलेले स्क्रू क्रमानं चहाच्या बशीत ठेवले. प्रोसेसरच्या पोटाला बारीक सुयांच्या रांगा असतात आणि एका कोपऱ्यात सुई कमी असते. तो कोपरा बोटानं शोधून त्यानं चिप अलगद बसवली. लॅपटॉप चालू झाला. हर्षालीनं टाळी वाजवली.

मग आवाज आला. एकेक शब्द अडखळत, मध्येच तुटत. पान स्कॅन केलं तर नऊ मिनिटं लागली.

सुदर्शननं लॅपटॉपवर वेगाची माहिती देणारी खिडकी उघडून ऐकली. नवा प्रोसेसर दोन हजार मेगाहर्ट्झ वेगाचा होता, चालत होता सहाशेवर. जुना चौदाशेचा होता.

त्यानं वीज वाचवायची सेटिंग बंद केली. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहिला. तापून दमत असेल म्हणून पुन्हा उघडून चिपवरचा उष्णता ओढून घेणारा लेप नव्यानं लावला. लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात धरला, तर तो गार. तापायला त्यानं काम तर करायला हवं!

आता लॅपटॉप सुरू होतानाची निळी पाटी पाहायची राहिली होती. तिथं वाचणारा प्रोग्रॅम चालत नाही. त्यानं हर्षालीला हाक मारली. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली.

"प्रोसेसरच्या ओळीत काय लिहिलंय?"

"अहो, लई बारीक हाय. यू... एन... के..." ती बोट ठेवत वाचू लागली. "एन, ओ, डब्ल्यू, एन."

सुदर्शननं अक्षरं जुळवली. 'अननोन', म्हणजे अनोळखी.

"म्हंजी काय वो?"

"म्हंजी हा कोण आलाय ते मशीनला ठाऊक न्हाई. वळखीचा न्हाई म्हणून त्याला पळू देत न्हाई."

गोकुळनं पुण्याला फोन लावून विचारलं. ओळख पटवणारी नवी फाइल कंपनीनं या मॉडेलसाठी काढलीच नव्हती. इंटरनेटवरून त्यानं वेग वाढवायचा एक प्रोग्रॅम आणून दिला. तो चालवला की लॅपटॉप मुका होऊन थांबायचा. "भाऊ, माझंच चुकलं. आधी इचारायला पायजे व्हतं," गोकुळ म्हणाला. सुदर्शन त्याच्यावर चिडलासुद्धा नाही.

जुना प्रोसेसर परत बसवायचा, एवढंच उरलं. परीक्षेला तीन आठवडे होते. त्या दिवशी तो घाईत होता. चिप धरून ठेवणारी पकड सैल करायचा स्क्रू पुरता फिरला नव्हता, तरी त्यानं चिप दाबली. बोटाखाली सुया वाकल्याचं त्याला लगेच कळलं. ब्लेडच्या पात्यानं सरळ करू लागला, आणि दोन सुया तुटून चादरीवर पडल्या. हर्षाली त्या शोधू लागली.

"राहू दे. सापडून चिकटायच्या न्हाईत," तो म्हणाला. नंतर बराच वेळ तो बोटांची टोकं अंगठ्यानं चोळत बसला. डोळे गेले तेव्हाही तो असा बसला नव्हता, असं हर्षाली सांगते.

नवा प्रोसेसर पुन्हा बसवून त्यानं चार दिवस नऊ मिनिटांना एक पान ऐकलं. आवाज वाक्याच्या मध्यात थांबला की त्याला सुरुवात आठवायची नाही. हर्षाली एकदा इंग्रजी पुस्तक घेऊन बसली. अक्षर अक्षर लावत अर्धं पान झालं, आणि तिला रडू आलं. त्यानं पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

लेखनिक घेऊन तो मराठी आणि इतिहासाचे पेपर देऊन आला. इंग्रजीच्या दिवशी येडगावातच होता. सकाळी अकराला, पेपर सुरू व्हायच्या वेळेला, त्यानं हर्षालीला किती वाजले ते विचारलं आणि धरणाच्या बाजूला काठी टेकत चालत गेला. दुपारी जेवायला परत आला.